टेबलाचं लाकूड

साल एकोणीसशे ब्याऐंशी. मी चोवीस वर्षांचा होतो. पासपोर्टावर सव्वीस, कारण एजंटाला तेच सोयीचं वाटलं. शाळा मी चौथीत सोडली, पण करवत त्याच्या आधीच धरली होती, आणि मालवणच्या आसपास आजही कुणाला विचारलंत तर मेस्त्र्याने बसवलेला दरवाजा कुरकुरत नाही एवढं लोक सांगतील. बढाई वाटली तर वाटू दे. मस्कतमध्ये, रुवीतल्या या फ्लॅटमध्ये नातू शेजारी बसून माझं अक्षर बघून हसतो. त्याला मराठी धड वाचता येत नाही, तरी हसतो. त्यालाही हसू दे. मला टामाबद्दल लिहायचं आहे आणि ते माझ्याशिवाय दुसरं कोणी लिहिणार नाही.

कंपनीचं रस्त्याचं काम चाललं होतं ओमानात, इब्रा गावाच्या पुढे, जिथून वाळू सुरू होते तिथे. मी शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यांचा सुतार. मजूर तंबूत, गोरे साहेब एसी केबिनमध्ये, आणि आम्ही तिघे इब्राच्या जुन्या वस्तीत सालिम नावाच्या ओमानी म्हाताऱ्याच्या मातीच्या घरात. तिघे म्हणजे मी, राजापूरकडचा आचारी हसनभाई, आणि फोरमन टामा. टामा न्यूझीलंडचा. आमचा मोठा साहेब ग्रेग, तोही न्यूझीलंडचा. दोघांचा पासपोर्ट एकाच रंगाचा, पण केबिन गोऱ्यांना पुरल्या आणि टामा आमच्या वाट्याला आला. तो माओरी होता, म्हणजे त्या देशात गोरे जायच्या आधीपासून जे राहत होते त्यांच्यातला. रंगाने आमच्यासारखाच, पण अंगाने दरवाजाएवढा. आमच्या घराच्या चौकटीतून आत येताना तो तिरका व्हायचा.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. भिंतीच्या बुडातून फलज वाहायचा, म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट, त्याची झुळझुळ दिवसभर. सालिमच्या बकऱ्या. बुधवारी बायकांचा बाजार भरायचा, त्याचा कलकलाट गल्लीतून यायचा. आणि या सगळ्यावर हसनभाईच्या पळीचा आवाज. घरून आलेलं आमसूल तो सोन्यासारखं जपायचा. सुक्या मोरी माशाचं कालवण करायचा तेव्हा सालिमसुद्धा भिंतीवरून डोकवायचा. टामा कधी कधी स्वतः चुलीपाशी बसायचा, बकऱ्याची हाडं आणि मिळेल ती पालेभाजी एकत्र उकळायचा आणि त्यात पिठाचे गोळे सोडायचा. हसनभाई म्हणायचा, "हे जेवण नाय, ही आजाऱ्याची पेज." आणि दोन वाट्या प्यायचा.

टामाच्या भाषेत जेवणाला 'काय' म्हणतात. हे मला पहिला महिनाभर माहीत नव्हतं. तो कामावरून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "काय!"

मी विचारायचो, "काय?"

"काय! काय!" तो पोटावर थाप मारायचा.

"अरे, पण काय?"

आतून हसनभाई, "मेस्त्र्या, तुमचं भांडण मिटलं की सांगा, मी वाढतो. त्याला भूक लागलीय नि तुला ऐकू येत नाय, आणि मधे माझं कालवण करपतंय."

पुढे तो खेळच झाला. टामा मुद्दाम ओरडायचा आणि मी मुद्दाम विचारायचो. मला तो 'चिपी' म्हणायचा. त्यांच्याकडे सुताराला तसं म्हणतात. आमची बोली म्हणजे खिचडी, थोडं इंग्रजी, थोडं हिंदी, यल्ला आणि खलास एवढीच अरबी. पण माणसाला कळायचं असलं की कळतं.

एका बुधवारी बाजारातून मी ताजे खजूर घेतले. पिशवी नव्हती. गाडीत टामाचं हेल्मेट पडलं होतं, ते भरून घेतलं, घरी आणलं आणि जेवायच्या चटईवर मधोमध ठेवलं. टामा हात धुऊन आला, त्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. हेल्मेट उचललं, बाहेर गेला आणि सगळे खजूर बकऱ्यांपुढे ओतले. माझं डोकं फिरलं. माझ्या हातचं आणलेलं बकऱ्यांना? गावात ओसरीच्या पुढे न घेणारी माणसं मी पाहिली होती, त्यांच्याकडचं काम मी सोडून दिलं होतं. इथे परमुलखात हा मला तेच दाखवतो? मी बोलणं बंद केलं. त्याची "काय" अशी हाक आली की मी भिंतीकडे बघायचो. हसनभाई म्हणाला, "अरे, विचार तरी त्याला." मी म्हटलं, "मी का विचारू?"

शेवटी तोच आला. माझ्यासमोर बसला, स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे टापू. काय आणि टापू एकत्र नाही, चिपी."

मी म्हटलं, "टापू म्हणजे जमिनीचा तुकडा. डोक्यात कसली जमीन?"

हसनभाई असा हसला की पळीतलं तेल सांडलं. मग टामाने पहिल्यापासून सांगितलं. माणसाचं डोकं, मेलेलं माणूस, पुरायची जागा, हे सगळं टापू. त्याला शिजलेलं अन्न, खायच्या वस्तू लागता कामा नयेत. लागलं की त्या माणसाचा माना जातो. माना म्हणजे मान. तो शब्द मला समजावून सांगावा लागला नाही. हसनभाई म्हणाला हराम-हलालासारखं काहीतरी. मला आमच्या गावची देवराई आठवली. तिथलं झाड वाऱ्याने पडलं तरी कोणी चुलीला नेत नाही, आणि सुतार असून माझ्या आज्याने त्या लाकडाला कधी रंधा लावला नाही. तेवढं मला कळलं. चूक माझी होती असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मला आधी कोणी सांगितलं होतं? पण दुसऱ्या दिवशी मी दाराजवळ, जेवायच्या जागेपासून लांब, भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकली. टामाने हेल्मेट तिथे अडकवलं आणि ओरडला, "काय!"

मी म्हटलं, "काय?"

त्या वर्षी ईदला सालिमने आम्हाला शुवा करायला बोलावलं. घरामागे माणूसभर खोल खड्डा होता. त्यात लाकडं जाळून निखारे करायचे, मसाला लावलेलं मटण खजुराच्या झावळ्यांच्या पिशव्यांत बांधून आत सोडायचं, वर पत्रा, वर माती, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. टामा खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसला आणि कितीतरी वेळ आत बघत राहिला. त्यांच्याकडे असंच करतात म्हणाला, तापवलेल्या दगडांवर, मातीखाली. त्याने फावडं घेतलं ते खाली ठेवलंच नाही. सालिमची पोरं हसत होती की हा साहेब की गडी. दुसऱ्या दिवशी माती उकरली आणि वाफ वर आली, तेव्हा त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं धूर गेला डोळ्यांत.

जेवण झाल्यावर आम्ही खजुरीच्या सावलीत पडलो होतो, तेव्हा त्याने त्याच्या टेकडीचं सांगितलं. त्याच्या पणज्याच्या वेळी गोऱ्यांची फौज आली. जमीन विकणार नाही म्हणणाऱ्यांना बंडखोर ठरवलं आणि बंडाची शिक्षा म्हणून जमीनच काढून घेतली. मग ती फौजेतल्या माणसांना वाटून दिली. टामाच्या आईने शाळेत आपली भाषा बोलली म्हणून वेताच्या छड्या खाल्ल्या. मग तिने पोरांशी ती भाषा घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलली. टामा मोठा झाला तो त्याच जमिनीवर दुसऱ्याच्या मेंढ्यांची लोकर कातरत. आणि त्या मेंढ्यांचा मालक कोण, तर ग्रेग साहेबाचा बाप. म्हणूनच ग्रेगने त्याला ओमानला आणला होता, लहानपणापासून ओळखीचा.

"टेकडी त्यांच्या कुरणाच्या मधोमध," टामा म्हणाला. "माझी सगळी माणसं तिथे. वर जायला एक फाटक. फाटकाला कुलूप. कोणी मेलं की आधी त्यांच्या दारात जाऊन किल्ली मागायची."

"आणि नाही दिली तर?"

"देतात. दोन दिवस लावून देतात."

मधे काही वर्षं तो ऑस्ट्रेलियात रस्त्यांवर होता. तिथल्या वाळवंटातल्या मूळ माणसांचं त्याहून वाईट पाहिलं म्हणाला, पोरं उचलून नेलेली, कुणाची आई कुठे ते माहीत नाही. ती माणसं मेलेल्याचं नाव पुन्हा तोंडातून काढत नाहीत. "आम्ही उलटे," टामा म्हणाला. "आम्ही मेलेल्याशी बोलत राहतो." मग मला विचारलं, तुमच्याकडे काय करतात. मी म्हटलं, त्याच दिवशी जाळतात. तो उठून बसला.

"त्याच दिवशी? मग त्याच्याशी बोलायचं कधी?"

त्यांच्याकडे पेटी उघडी ठेवतात. एक क्षण एकटं सोडत नाहीत. रडतात, गातात, आणि कुणाच्या शिव्या द्यायच्या राहिल्या असतील तर त्याही तोंडावर देतात. "मी इथे मेलो तर मला खिळे ठोकू नको, चिपी," तो म्हणाला. "आणि त्या फाटकातून वर जाऊ दे मला." हसनभाईने त्याला झापलं, ईदच्या दिवशी काय अभद्र बोलतोस म्हणून. टामा हसला आणि उरलेलं मटण संपवायला उठला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. एका वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्राच्या, कडेला भराव घातला होता आणि कडेची माती नीट बसली नव्हती. टामाने ग्रेग साहेबाला सांगितलं होतं, त्यावर रोलर नको, अजून पाणी मारू दे. साहेबाला काम पुढे हवं होतं. तेव्हा टामाने रोलरच्या ड्रायव्हरला, एका कोवळ्या पठाणाला, खाली उतरवलं आणि स्वतः वर चढला. मी खालच्या बाजूला रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीचं शटरिंग काढत होतो. आधी खडी घसरल्याचा आवाज आला. मी वर बघेपर्यंत रोलर आडवा झाला होता.

त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. त्या डोक्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी काही बोलला नाही.

ग्रेग साहेब मस्कतहून दुपारी आला. लाल झाला होता, घामाने की कशाने मला माहीत नाही. मला म्हणाला, शटरिंगच्या प्लायची पेटी कर, खिळे मारून बंद कर, उद्या सकाळी दवाखान्यातून न्यायची, विमान ठरलंय, खलास. हसनभाई तोवर दवाखान्यात जाऊन बर्फाच्या खोलीबाहेर स्टुलावर बसला होता, ओठांतल्या ओठांत आपलं काही म्हणत. कॅम्पला त्या दिवशी नुसते पाव मिळाले. कुणी तक्रार केली नाही.

घरी माझ्याकडे सागाच्या फळ्या होत्या. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या ग्रेग साहेबाच्या बंगल्यासाठी बारा माणसांचं जेवणाचं टेबल करायचं होतं, त्यासाठी मुंबईहून बोटीने आलेल्या. असा साग मी गावीही क्वचित पाहिला. मी त्या काढल्या, खुंटीवरच्या हेल्मेटसमोर मांडल्या आणि रंधा मारायला लागलो. प्लायवरच्या सिमेंटच्या डागांत मी त्याला घालणार नव्हतो. कोपरे खाचा पाडून एकात एक बसवले, एकही खिळा नाही. झाकण पितळी स्क्रूंनी बसवलं, आणि ज्या स्क्रूड्रायव्हरने ते बसवलं तो कापडात गुंडाळून पेटीच्या कडीला बांधला. तिकडे कुणाला हत्यार शोधत बसायला नको. विमानवाल्यांना बंद पेटी हवी होती. पेटी बंद होती. पण उघडता येत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या पडवीत आम्ही त्याला पेटीत ठेवला. हेल्मेट मी त्याच्या पायांशी ठेवलं. झाकण लावलं, आणि तेवढ्यात ग्रेग साहेब आला. त्याने पेटीवरून हात फिरवला.

"हे माझ्या टेबलाचं लाकूड आहे."

"होतं," मी म्हटलं.

त्याच्या हातात कागद होते, चहाचा कप होता आणि कागदात गुंडाळलेलं सँडविच होतं. सही करायला हात मोकळा हवा म्हणून त्याने कप आणि सँडविच पेटीच्या झाकणावर ठेवलं. डोक्याच्या बाजूला.

"उचल," मी म्हटलं.

"काय?"

हे त्याने इंग्रजीत विचारलं, पण माझ्या कानाला ते 'काय'च ऐकू आलं. मी पेटीकडे बोट केलं. "उचल. टापू."

"टापू नाही," तो सही करता करता म्हणाला, वर न बघता, पोराचं चुकलेलं पाठांतर सुधारावं तसं. "टा-पु. शेवट आखूड."

आणि मग त्याचं पेन थांबलं. हसनभाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे तुला माहीत आहे."

त्याने कप उचलला, सँडविच उचललं, ते कुठे ठेवायचं ते न सुचून हातातच धरून उभा राहिला. लहानपणापासून माहीत असणार त्याला. त्यांच्याच मेंढ्या कातरणाऱ्यांच्या पोरांबरोबर खेळला असणार. मला ते खजुरांवरून कळलं; याला जन्मभर माहीत होतं आणि याने कप ठेवला. हेच मला आजपर्यंत पचलेलं नाही.

मी विचारलं, "फाटक उघडणार का?"

"फाटकाचं तुला कोणी सांगितलं?"

"यानेच."

"ते फाटक मेंढ्यांसाठी आहे," ग्रेग साहेब म्हणाला. "मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून."

"मग किल्ली माणसांना का मागावी लागते?"

त्याने पेटीकडे पाहिलं, मग गाडीकडे. "शेत आता माझ्या भावाकडे आहे. माझ्या हातात नाही." पुढे म्हणाला, "मी त्याला कळवीन." मग पेटी पिकअपवर चढवली. मी मागे पेटीजवळ बसायला निघालो तर ड्रायव्हर साहेबाकडे बघायला लागला. साहेब नको म्हणाला नाही. मस्कतपर्यंत मी पेटीवर सावली धरून बसलो आणि टामाशी मालवणीत बोललो. शिव्याही दिल्या, त्या रोलरवर चढला म्हणून. विमानतळावर मला आत सोडलं नाही. तिथे ग्रेग साहेबाने मला गाठलं आणि सांगितलं, "उरलेलं लाकूड वाया घालवू नको. टेबल सहा माणसांचं झालं तरी चालेल."

फाटक उघडलं की नाही, मला कळलं नाही. विचारायचं कुणाला? परवा नातवाला हे सांगितलं तर त्याने मोबाईलवर तो देश काढला. हिरव्या हिरव्या टेकड्या, कुंपणंच कुंपणं. म्हणाला, "आजोबा, आता त्यांना थोडी लँड परत देतायत. सगळी नाय, थोडी. व्हॉट वॉज हिज सरनेम?" मला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. मला त्याची खुंटी माहीत होती. नातू बोटाने टेकड्या सरकवत राहिला, ही का आजोबा, ही का, आणि मी प्रत्येकीला नीट बघून नाही म्हणत राहिलो, जसा काही मी ती पाहिलीच होती.

मस्कतहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या बांगेबरोबर उठलो. उरलेल्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, सहा माणसांना पुरतील एवढ्या. पेटी ज्या फळ्यांतून कापली त्याच फळ्या. त्यांवर आता कुणी ताटं मांडणार नव्हतं, निदान माझ्या हातून नाही. नोकरी जाईल हे मला माहीत होतं, आणि ती गेलीच. मी फळ्या डोक्यावर घेतल्या. आधी शुव्याच्या खड्ड्याकडे वळलो होतो, मग लक्षात आलं, तो खड्डा जेवणाचा. म्हणून पुढे कोरड्या वादीत गेलो. मग पुन्हा घरी येऊन भुसा, रंध्याच्या साली, खाचांचे तुकडे, सगळं झाडून गोळा करून नेलं. सुताराच्या हाताने चांगला साग पेटवला. तो लवकर पेटत नव्हता. पेटला तेव्हा वास असा आला की आज्याची पडवी आठवली. पूर्ण राख होईपर्यंत मी उभा होतो. बकऱ्या जवळ आल्या, त्यांना हाकललं.

घरी आलो. फलजातून तांब्या भरून घेतला, बाजूला वाळूत जाऊन हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं. दाराजवळची खुंटी रिकामी होती. आत पळीचा आवाज थांबला आणि हसनभाईने मोठ्याने, अगदी टामासारखी हाक दिली, "काय!"

मी चौकटीतून तिरका होऊन आत गेलो आणि म्हटलं, "आलो."